विश्लेषण : प्रार्थना की उपचार? मानसशास्त्र आणि ख्रिस्ती श्रद्धेचे नाते नेमके काय?

दिवंगत पोप फ्रान्सिस आणि फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डॉमिनिक वोल्टन यांच्या संवादांचे पुस्तक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पोपनी एक गोष्ट अगदी सहज सांगून टाकली. वयाच्या ४२ व्या वर्षी, अर्जेंटिनात असताना, काही गोष्टींचा उलगडा व्हावा म्हणून ते सहा महिने दर आठवड्याला एका ज्यू महिला मनोविश्लेषकाकडे जात होते. त्याची जगभर बातमी झाली. पोपही अशी मदत घेतात याचे अनेकांना नवल वाटले, पण खरे नवल जुन्या कागदांत आहे. १५ जुलै १९६१ रोजी व्हॅटिकनच्या ‘होली ऑफिस’ने एक इशारा काढला होता. धर्मगुरूंनी मनोविश्लेषकाचा व्यवसाय करू नये आणि गंभीर कारण व वरिष्ठांची परवानगी असल्याशिवाय मनोविश्लेषकाकडे जाऊही नये, असे त्यात बजावले होते. हा इशारा निघाला तेव्हा पुढे पोप झालेले होर्हे बर्गोलिओ पंचविशीतले जेझुइट विद्यार्थी होते.

मधल्या काळात काय बदलले? आणि नैराश्याने ग्रासलेल्या ख्रिस्ती माणसाने आधी कुणाकडे जायचे, फादरकडे की डॉक्टरकडे, याचे सरळ उत्तर चर्चकडे आहे का?

वाद नेमका कशावरून?

खगोलशास्त्राशी किंवा उत्क्रांतिवादाशी चर्चचे खटके उडाले ते जग कसे बनले यावरून. मानसशास्त्राशी झालेला वाद अधिक घरातला आहे, कारण दोघांकडे येणारा माणूस एकच. रात्री झोप न लागणारा, अपराधीपणाने पोखरलेला, कशातच राम न वाटणारा. त्याच्या त्रासाला नाव कुणी द्यायचे, हा मूळ प्रश्न आहे. यंत्र बंद पडले की आधी बिघाड कुठला ते ठरते आणि मगच पाना हातात घेतला जातो. इथेही त्रासाला पाप म्हटले तर पापनिवेदन, सैतानाची बाधा म्हटले तर ती उतरवण्याचा विधी आणि आजार म्हटले तर औषध. नाव चुकले की पुढचे सगळे चुकते.

मनाच्या अवस्था टिपण्याचे काम ख्रिस्ती परंपरेने मानसशास्त्राच्या कितीतरी आधी सुरू केले होते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या संन्याशाने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यातला एक ‘अकेडिया’. ऐन दुपारी तो येतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर बघतो, आपली खोली, आपले काम, आपले आयुष्य सगळ्याचा त्याला वीट येतो, आपले कुणी नाही असे वाटू लागते. आजचा डॉक्टर हे वर्णन वाचून पुढचे चार प्रश्न नक्की विचारील. पण ही यादी जॉन कॅसियनमार्फत युरोपात पोहोचली, पुढे तिची सात महापापे झाली आणि अकेडियाचा झाला ‘आळस’. मनाची एक अवस्था पापांच्या यादीत जाऊन बसली. पुढचा बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो.

फ्रॉइड आणि त्यांचा पाद्री मित्र

दुसऱ्या बाजूनेही काही कमी टोकाचे बोलले गेले नाही. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२७ मध्ये ‘द फ्युचर ऑफ ॲन इल्युजन’ हे पुस्तक लिहून धर्म हा माणसाच्या इच्छेतून जन्मलेला भ्रम आहे, असे मांडले. हे सगळ्यांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की फ्रॉइड यांचा एक जवळचा मित्र झुरिकमधला प्रोटेस्टंट पाद्री होता. ऑस्कर फिस्टर त्यांचे नाव. दोघांचा पत्रव्यवहार १९०९ मध्ये सुरू झाला आणि जवळपास तीन दशके चालला. फिस्टर आपल्या मंडळीतल्या लोकांसाठी मनोविश्लेषण वापरत. फ्रॉइडच्या पुस्तकाला त्यांनी १९२८ मध्ये ‘द इल्युजन ऑफ अ फ्युचर’ या उलट्या शीर्षकाने उत्तर दिले आणि ते छापले कुठे, तर फ्रॉइडच्याच ‘इमागो’ या नियतकालिकात. विज्ञानावरचा तुमचा विश्वास हीसुद्धा एक श्रद्धाच आहे आणि भीतीवर उभा असलेला धर्म साफ करायला मनोविश्लेषणाचा उपयोग होईल, असा फिस्टर यांचा रोख होता. एकमेकांचे न पटताही मैत्री टिकली. या विषयावरच्या आजच्या वादांत हे क्वचित दिसते.

‘आजार नव्हे, पाप’

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रोटेस्टंट पास्टरच्या प्रशिक्षणात मानसशास्त्र बऱ्यापैकी शिरले होते. त्याला सर्वांत जोरकस विरोध केला जे ॲडम्स या पास्टरने. १९७० मध्ये आलेल्या त्यांच्या ‘कॉम्पिटंट टू कौन्सेल’ या पुस्तकाचे म्हणणे असे, की मेंदूचा किंवा शरीराचा खरा आजार असेल तर डॉक्टरकडे जा; पण बाकी ज्याला मानसिक समस्या म्हणतात तिच्या मुळाशी बहुतेक वेळा पाप असते आणि त्यासाठी बायबल पुरेसे आहे. गंमत म्हणजे ॲडम्स यांना ही दिशा ज्यांच्यामुळे सापडली ते ओ. हॉबर्ट मॉरर पास्टर नव्हे, मानसशास्त्रज्ञ होते. ते १९५४ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते. रुग्णाचा अपराधीपणा नेहमीच खोटा नसतो, त्याने खरोखर काहीतरी चुकीचे केलेले असू शकते, असे मॉरर मांडत. १९६५ च्या उन्हाळ्यात ॲडम्स त्यांच्याबरोबर मनोरुग्णालयांत काम करून आले होते.

मॉरर यांच्या मुद्द्यात तथ्य आहे. फसवणूक केलेल्या माणसाला ‘तुझी काही चूक नाही’ असे सांगून बरे वाटेलच असे नाही. अडचण येते ती शारीरिक आजार आणि पाप यांच्यामधली रेषा पास्टरने डोळ्यांनी ओळखायची असते तिथे.

ही अडचण कॅलिफोर्नियात कोर्टात गेली. लॉस एंजेलिसच्या ग्रेस कम्युनिटी चर्चमध्ये समुपदेशन घेणाऱ्या २४ वर्षांच्या एका तरुणाने १९७९ मध्ये आत्महत्या केली. आमच्या मुलाला तज्ज्ञांकडे पाठवण्याची जबाबदारी पास्टरांवर होती, असे म्हणत आईवडिलांनी चर्चवर खटला भरला. ‘नॅली विरुद्ध ग्रेस कम्युनिटी चर्च’ हा धर्मगुरूंच्या निष्काळजीपणाबाबतचा अमेरिकेतला गाजलेला खटला. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला. व्यावसायिक नसलेल्या धार्मिक समुपदेशकावर कायद्याने अशी जबाबदारी टाकता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. चर्चच्या बाजूने हेही नोंदवायला हवे, की हा तरुण डॉक्टरांनाही भेटला होता आणि शेवटच्या दिवसांत पास्टरांनी त्याला त्या भेटी चालू ठेवायला सांगितल्याचे न्यायालयापुढे आले होते. निकालाने कायद्याचा प्रश्न मिटला. पास्टरने समुपदेशनाची खोली उघडली तर तिथून पुढचा रस्ता त्याला माहीत असायला हवा की नको, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

याच काळात उलट प्रयोगही चालू होता. पॅसाडेना इथल्या फुलर थिऑलॉजिकल सेमिनरीने १९६५ मध्ये मानसशास्त्राची स्वतंत्र पदव्युत्तर शाखा काढली. विद्यार्थ्याने ईशज्ञान आणि क्लिनिकल मानसशास्त्र दोन्ही शिकायचे, अशी ती कल्पना. पास्टर आणि मानसतज्ज्ञ यांना एकाच वर्गात बसवण्याचा तो गंभीर प्रयत्न होता.

क्लिंगेनबर्गमध्ये काय घडले?

चुकलेल्या नावाची सर्वांत मोठी किंमत मोजली ती ॲनेलीझ मिशेल या जर्मन तरुणीने. बव्हेरियातल्या क्लिंगेनबर्गमधल्या कॅथलिक घरातली ही मुलगी. शाळेत असताना तिला फिट आली, पुढे अपस्माराचे निदान होऊन औषधे सुरू झाली. तिला भयानक चेहरे दिसू लागले, आवाज ऐकू येऊ लागले. औषधांनी फरक पडत नाही असे वाटून ती आणि घरचे धर्मगुरूंकडे वळले. सप्टेंबर १९७५ मध्ये बिशपच्या परवानगीने सैतान घालवण्याचे विधी सुरू झाले. १६१४ च्या विधिपुस्तकानुसार, आठवड्यातून एकदोनदा, एकेक विधी काही तास. असे ६७ विधी झाले. वैद्यकीय उपचार थांबले होते. तिने खाणे जवळपास सोडले होते. १ जुलै १९७६ रोजी, २३ व्या वर्षी, उपासमार आणि पाण्याअभावी तिचा मृत्यू झाला. तेव्हा तिचे वजन सुमारे ३० किलो होते.

१९७८ मध्ये आईवडील आणि दोन धर्मगुरूंना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी दोषी धरण्यात आले. शिक्षा सहा महिन्यांची होती आणि तीही स्थगित. शेवटच्या आठवड्यापर्यंत डॉक्टर बोलावला असता तरी ती वाचली असती, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. यावर पुढे हॉलिवूडने ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’ काढला. त्यात भुताटकी भरपूर आहे. मूळ प्रकरणात भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची: या चौघांपैकी कुणालाही तिचे वाईट करायचे नव्हते.

आणखी एक गोष्ट. बाधा झाली आहे असे सहजासहजी मानू नये, मनाच्या आजारापासून ती वेगळी ओळखावी, ही ताकीद त्या १६१४ च्या विधिपुस्तकातही होती. म्हणजे नियम नव्हता असे नाही. तो तपासायला कुणी तज्ज्ञ जवळ नव्हता. व्हॅटिकनने १९९९ मध्ये हा विधी सुधारून प्रसिद्ध केला, तेव्हा मानसिक रुग्णाला बाधित समजू नये आणि गरज तिथे वैद्यकीय व मनोविकार तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, हे त्यात स्पष्ट आले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही मानसिक आजार ही वेगळी गोष्ट असून त्यावरचे उपचार हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, असे म्हटले आहे.

भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे शिक्षेची तरतूद आहे. हा कायदा कुठल्याही एका धर्मापुरता नाही. क्लिंगेनबर्गच्या त्या घरात मात्र ना साखळी होती ना धुरी; होती ती प्रार्थना आणि बंद पडलेले औषध.

रुग्णालयात शिकलेला पाद्री

अँटन बॉइसन या अमेरिकी पाद्रीला १९२० मध्ये तीव्र मानसिक झटका आला आणि वर्षाहून अधिक काळ त्याला मनोरुग्णालयात काढावा लागला. बरे झाल्यावर तो तिथून लांब पळाला नाही. १९२४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर इथल्या सरकारी मनोरुग्णालयात तो चॅपलेन म्हणून रुजू झाला आणि दुसऱ्याच वर्षी ईशज्ञानाचे विद्यार्थी तिथे घेऊन आला. ग्रंथांइतकेच रुग्णही वाचायला शिका, असा त्याचा आग्रह. पाद्री होण्याआधी रुग्णालयात राहून देखरेखीखाली शिकण्याची जी पद्धत पुढे जगभर पसरली, तिची सुरुवात इथली. आपल्या आजारात आपल्याला देवाचा अनुभवही आला असे बॉइसन मानत राहिला. पण तो आजार नव्हता असे त्याने म्हटले नाही. दोन्ही गोष्टी एका वाक्यात बोलण्याची हिंमत त्याच्याकडे होती.

आत्महत्येनंतरचे दफन

मानसशास्त्राने चर्चमध्ये प्रत्यक्ष काय बदलले, हे बघायचे तर दफनाचा नियम बघावा. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यानुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचे दफन नाकारले जाई. मुलगा गेल्याचे दुःख एकीकडे आणि दफनभूमीबाहेरचा खड्डा दुसरीकडे, अशी घरच्यांची अवस्था होई. १९८३ मध्ये नवा कायदा आला. ज्यांना दफन नाकारावे त्यांच्या यादीतून आत्महत्येचा उल्लेख गेला. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने त्याचे कारणही दिले: गंभीर मानसिक बिघाड, पराकोटीची वेदना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. आत्महत्या चुकीचीच, ही शिकवण बदलली नाही. बदलला तो मृताकडे आणि त्याच्या आईवडिलांकडे बघण्याचा डोळा. त्याआधी १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मसेवेत मानसशास्त्र व समाजशास्त्राच्या निष्कर्षांचा वापर करावा, असे म्हटले होते. १९६१ चा इशारा आणि हे वाक्य यांत जेमतेम चार वर्षांचे अंतर आहे.

पुणे, लोणावळा आणि फादर डिमेलो

या कथेचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रात आहे. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो शिकागोच्या लोयोला विद्यापीठात समुपदेशन शिकून आले आणि १९७२ मध्ये त्यांनी पुण्यात समुपदेशनाची संस्था सुरू केली. पुढे ‘साधना’ या नावाने ती ओळखली गेली आणि लोणावळ्याला गेली. धर्मगुरू आणि धर्मभगिनी तिथे येऊन आपल्याच मनात काय चालले आहे ते बघायला शिकत. इग्नेशियस लोयोला यांची आध्यात्मिक साधना, गेस्टाल्ट उपचारपद्धती आणि श्वासावर लक्ष ठेवण्याची पौर्वात्य पद्धत असे ते मिश्रण होते. १९७८ च्या ‘साधना : अ वे टू गॉड’ या पुस्तकाने ते जगभर गेले.

डिमेलो १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. ११ वर्षांनी, जून १९९८ मध्ये, व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत विभागाने त्यांच्या काही मतांना कॅथलिक श्रद्धेशी विसंगत ठरवले. त्या पत्रावर सही होती कार्डिनल जोसेफ रॅटझिंगर यांची, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे. आक्षेप समुपदेशनाला नव्हता. देव आणि येशू यांच्याविषयी डिमेलो जे सुचवत होते त्याला होता. पण या घटनेतून सीमारेषा कुठे आहे ते कळते. मन हलके करायला मानसशास्त्र चालते, त्याने देवाचीच व्याख्या बदलायला घेतली की चर्च थांबवते. डिमेलोंची पुस्तके मात्र आजही विकली जातात, ख्रिस्ती नसलेलेही ती वाचतात.

श्रद्धेने मनाला बरे वाटते का?

वाटते, पण कुठल्या श्रद्धेने हे विचारावे लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी संकटात धर्म वापरण्याच्या दोन तऱ्हा दाखवल्या. एकीत माणूस देवाला सोबती मानतो. दुसरीत देव आपल्याला शिक्षा करतोय, देवाने आपल्याला टाकले, असे धरून बसतो. ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेणारा त्यांचा व सहकाऱ्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या तऱ्हेच्या झगड्यात अडकलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका काहीसा जास्त आढळला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तरीही ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ हे वाक्य आजारी माणसाच्या उशाशी बोलणाऱ्याने हा अभ्यास जरूर लक्षात ठेवावा.

दुसरी बाजूही आहे. प्रत्येक आध्यात्मिक कोरडेपणाला नैराश्य म्हणून गोळी देता येत नाही. मदर तेरेसांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि देव जवळ नाही अशी भावना त्यांनी अनेक दशके सोसल्याचे जगाला कळले. पण त्या सगळ्या काळात त्या पहाटे उठत होत्या, काम करत होत्या, माणसांत होत्या. झोप, भूक, काम आणि माणसे यांवरचा ताबा सुटत चालला असेल, मरणाचे विचार येत असतील, तर तो डॉक्टरचा प्रांत आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतात आणि तसे असेल तर दोघांकडेही जावे लागते.

मग फादरना सांगितले तर पुरते का?

इथे एक व्यावहारिक मुद्दा आहे आणि तो फारसा बोलला जात नाही. कॅथलिक पापनिवेदनात सांगितलेली गोष्ट धर्मगुरू कुणालाही सांगू शकत नाही. नातेवाइकांना नाही, पोलिसांना नाही, डॉक्टरलाही नाही. गुप्तता मोडली तर त्याला चर्चमधून बहिष्कृत व्हावे लागते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. पण जिवाला धोका असेल तर आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभा तिथे आहे. पापनिवेदनात ही खिडकी नाही. त्यामुळे वसईत, वांद्र्यात किंवा मडगावात कुणी कन्फेशनच्या जाळीआडून ‘जगावेसे वाटत नाही’ असे म्हणाले, तर फादर त्याला डॉक्टरकडे जा म्हणून विनवू शकतात, हेच बाहेर येऊन माझ्याशी पुन्हा बोल असेही सांगू शकतात. पण स्वतः होऊन फोन उचलू शकत नाहीत. ते बोलणे पापनिवेदनाबाहेर, साध्या खुर्चीवर समोरासमोर बसून झाले, तर मदतीची दारे उघडतात. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत असे पापनिवेदन नसते. तिथे पास्टरला मानसिक आजाराची किती जाण आहे यावर सगळे अवलंबून राहते.

धर्मगुरूंच्या स्वतःच्या निवडीत मानसशास्त्राचा वापर कसा करावा, याची मार्गदर्शक तत्त्वे व्हॅटिकनने २००८ मध्ये काढली. त्यात उमेदवाराची संमती घेतल्याशिवाय तपासणी करू नये, असे सांगितले आहे. उद्या जाळीपलीकडे बसणाऱ्या माणसाला हताशा आणि आजार यांतला फरक ओळखायला किती शिकवले जाते, हे मात्र सेमिनरीगणिक बदलते.

भारतात गरज किती, याचा अंदाज २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून येतो. १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नव्हते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतूनही बोलता येते.